आधारच्या ओटीपीपासून आभाच्या संमतीपर्यंत : रुग्णाच्या गुप्ततेची पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं टेंभली. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी या गावात वाटले गेले. आज दवाखान्यात 'आभा' (आरोग्याच्या नोंदी जोडणारा डिजिटल खाते क्रमांक) काढताना ज्या आधारवरून ओटीपी येतो, त्याची सुरुवात खानदेशातली. रुग्णाच्या हातात आज खासगीपणाचा जो हक्क आहे, तोही आधारच्याच भांडणातून निघाला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारला आव्हान दिलं. घटनेत असा मूलभूत हक्कच नाही, अशी बाजू सरकारतर्फे मांडली गेली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ती फेटाळली.

त्याआधी सारी मदार डॉक्टरच्या शब्दावर होती. रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, असं चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला बजावलेलं आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी तेच लेखी केलं. शिवाय भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यायची, हेही घातलं. (हा ७२ तासांचा नियम फार कमी लोक वापरतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.) २०२३ मध्ये आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच चालू आहेत. मेख अशी की ते फक्त डॉक्टरला बांधतात. काउंटरवरचा ऑपरेटर, लॅबचा माणूस, सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांच्यावर त्यांचा अंमल नाही.

आणि माहिती फिरू लागली ती याच लोकांच्या हातून. धुळ्यात हे लवकर घडलं. आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणतात ती जुलै २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, तपासण्यांचे अहवाल, रुग्णाचा फोटो हे सगळं स्कॅन करून पूर्वमंजुरीसाठी ऑनलाइन चढवायचं. गरिबाचं ऑपरेशन फुकट झालं, ही मोठीच गोष्ट. पण एरवी कपाटात पडून राहणारा केसपेपर आता आरोग्यमित्र (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) आणि विमा कंपनीपर्यंत जाऊ लागला.

कायदा मागून धापा टाकत येत होता. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वैद्यकीय नोंदींना 'संवेदनशील' ठरवलं, पण त्यामागचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ कंपन्या आणि व्यावसायिक संस्थांपुरतं. सिव्हिल हॉस्पिटल त्यात येत नाही. एचआयव्हीसाठी मात्र २०१७ मध्ये स्वतंत्र आणि कडक कायदा झाला. सगळ्याच आरोग्य माहितीसाठी 'दिशा' नावाचा मसुदा २०१८ मध्ये निघाला आणि मसुदाच राहिला.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातला आभा क्रमांक १४ अंकी असतो. तो काढला की सगळे रिपोर्ट दिल्लीला जमा होतात, असा समज आहे. तसं नाही. नोंद जिथे तयार झाली त्या दवाखान्याकडे किंवा लॅबकडेच राहते, आभाने फक्त जोडली जाते. दुसऱ्या डॉक्टरला ती पाहायची असेल तर तुमच्या अ‍ॅपवर विनंती येते : कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांमधल्या, परवानगी कधी संपणार. दिलेली संमती मागेही घेता येते.

रचना चोख आहे, बिघडतं ते काउंटरवर. गर्दी असली की ओटीपी तोंडी विचारला जातो आणि मोबाइलच्या रकान्यात कुणाचाही नंबर पडतो. मग संमतीची विनंती भलत्याच फोनवर जाते. धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या घरात बहुतेक वेळा एकच फोन असतो. रिचार्ज राहिलं, सिम बंद पडलं, की किमान ९० दिवसांनी तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणून आभा अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये नंबर आपलाच आहे ना ते बघा, नको असलेल्या संमती रद्द करा, आणि नंबर बदलला तर आधार व आभा दोन्हीकडे बदला. आधारची झेरॉक्स मागितली तर शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार द्या. आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत.

सातपुड्यात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, तो सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट. तपासणीनंतर मिळणाऱ्या कार्डावरून माणूस निरोगी, वाहक (अंगात दोष आहे, पण आजार नाही) की रुग्ण ते कळतं. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून लग्नाआधी कार्ड बघणं शहाणपणाचंच. पण मूल आजारी निघालं की आई-बाप दोघांकडेही तो दोष आहे हे आपोआप उघड होतं, आणि भावंडांवरही शंका येते. संमती घेतली एकाची, अहवाल निघाला घराचा. अशा वेळी शिबिरात नावं मोठ्याने वाचणं किंवा यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं म्हणजे गावातल्या सोयरिकी मोडण्याची सोय. निकाल एकेकाला बाजूला घेऊनच सांगायला हवा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 'संवेदनशील' असा वेगळा वर्गच नाही. मोबाइल नंबर आणि सिकलसेलचा अहवाल एकाच मापात. जिवावर बेतलं असेल किंवा साथ असेल तर संमतीशिवायही माहिती वापरता येते, हे ठीकच. सरकारी दवाखानेही आता कक्षेत येतात, हा खरा फायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य बंधनांना त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर माहिती फुटली तर बाधित रुग्णाला विनाविलंब कळवावं लागेल आणि माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा लागेल. तक्रार आधी त्या संस्थेकडे, मग मंडळाकडे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. रुग्णाला भरपाईची वाट देणारं कलम ४३अ या कायद्याबरोबर रद्द होणार आहे, आणि त्याच्या जागी भरपाईची तरतूद ठेवलेली नाही.