स्कॅनरला न दिसणारी चप्पल

कोल्हापूरच्या सुभाषनगरात चपला करणाऱ्या एका काकांनी चामड्याचा तुकडा कानाजवळ नेऊन दुमडला आणि बाजूला ठेवला. "अजून ओलं हाय. सुकलं की वाजतंय बघा." मी तोच तुकडा चाचपला. मला तो ठणठणीत कोरडा वाटला.

कोल्हापुरी चप्पल डिजिटल रूपात जतन करायची म्हटलं की पहिली धाव त्रिमितीय स्कॅनरकडे. त्यात वाईट काही नाही. कान, पट्टा, अंगठा, वेणी, सगळ्याची मापं बारकाईने मिळतात. डिझायनरला चामड्याला हात न लावता पट्टा रुंद करून बघता येतो. पण स्कॅनरला दिसतं ते वरवरचं.

खरी गंमत आत आहे. कातडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. बाभळीची साल आणि हिरडा यांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य या तंतूंना एकमेकांशी बांधतं, म्हणून कातडं सहजी कुजत नाही. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवतात, तीत सालीचा अर्क भरून टांगतात आणि तो स्वतःच्या भाराने आरपार झिरपू देतात. क्रोमियमचे क्षार हे काम फार लवकर उरकतात, पण चामडं वेगळं होतं. शिवाय एकच कातडं सगळीकडे सारखं नसतं: कण्यालगत घट्ट, पोटाकडे सैल. तळ कुठून कापायचा हे बोटं ठरवतात, आणि संगणकातल्या आराखड्यात ही बोटं नसतात.

मग नोंद कशाची करायची? दर टप्प्याला चामड्याची जाडी नि ओलावा मोजावा, वादी (शिवायची चामड्याची दोरी) ओढतानाचा ताण टिपावा, रापी (चामडं कापायचं हत्यार) धरलेल्या हाताचं जवळून चित्रण करावं. आणि त्या दुमडण्याचा आवाजही ध्वनिमुद्रित करावा, त्या क्षणीच्या ओलाव्याच्या आकड्यासकट. मग काकांच्या 'वाजतंय'ला माप मिळेल.

प्रश्न उरतो या नोंदींच्या मालकीचा. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे 4 आणि कर्नाटकचे 4 जिल्हे धरून. पण ते राखतं नाव, आकार नाही. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या आणि ओरड झाल्यावर प्रेरणा मान्य केली. औषधी ज्ञानासाठी आपल्याकडे 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय आहे. ते पेटंट कार्यालयांना करार करून पाहता येतं. चपलेच्या फायलींनाही तसंच कुलूप हवं, असं मला वाटतं. फक्त किल्ली सुभाषनगरात असावी.