मसल बायोप्सी: कोण करतं आणि कशी करतात

मसल बायोप्सी म्हणजे स्नायूचा छोटा तुकडा काढून तो मायक्रोस्कोपखाली तपासणं. हात वर उचलवत नाही, मांडी घालून बसलं की उठता येत नाही, जिना चढताना कठडा धरावा लागतो, रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात उतरणारं एन्झाइम) खूप वाढलंय, अशा पेशंटला ही तपासणी सांगतात. बऱ्याच जणांना वाटतं सर्जनने तुकडा काढला की काम झालं, पण तो त्यातला सोपा भाग आहे, रिपोर्ट धड येणार की नाही हे जास्त करून त्याच्या आधीच्या तयारीवर आणि तुकडा लॅबला कसा पोचतो यावर ठरतं.

१८६० च्या दशकात फ्रान्सचे डॉक्टर द्युशेन जिवंत पेशंटच्या स्नायूतून खास सुईने नमुना काढायचे, डीएमडी म्हणजे द्युशेन मस्क्युलर डिस्ट्रोफी, मुलांचे स्नायू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार, त्यातला पहिला डी त्यांच्याच नावाचा. आज जी सुई वापरतात ती स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम यांनी १९६२ मध्ये आणली आणि खेळाडूंच्या स्नायूंवरचं बरंच संशोधन त्याच सुईवर झालं.

बायोप्सी करायची की नाही हे न्यूरोलॉजिस्ट ठरवतात, मायोसायटिस म्हणजे स्नायूंना सूज येण्याचा आजार वाटला तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आणि स्नायूंच्या सुजेचे डॉक्टर), लहान मूल असेल तर मुलांचे न्यूरोलॉजिस्ट. कुठला स्नायू घ्यायचा तेही त्यांनीच सांगायला हवं. अगदी वाळून गेलेला स्नायू घेतला तर नुसती चरबी आणि दोरे दिसतात, एकदम धडधाकट घेतला तर काहीच सापडत नाही, म्हणून मध्यम कमजोर असलेला निवडतात, बहुतेक वेळा मांडीचा नाहीतर दंडाचा. ज्या स्नायूत ईएमजीची (सुई घालून स्नायूतले विजेचे संदेश मोजायची तपासणी) सुई किंवा इंजेक्शन गेलंय तो टाळायचा, कारण सुईची जखम आजारासारखीच दिसते, त्यामुळे ईएमजी एका बाजूला आणि बायोप्सी दुसऱ्या बाजूला करतात. मायोसायटिसमध्ये सूज ठिकठिकाणी असते, एमआरआय केला तर जागा नेमकी कळते, आणि जमत असेल तर स्टेरॉइड सुरू करायच्या आधीच बायोप्सी उरकलेली बरी.

मोठ्या माणसाला फक्त जागेवरची भूल देतात, तीसुद्धा कातडीत आणि त्याखाली, स्नायूत नाही, कारण त्या औषधाने स्नायूच बिघडतो. म्हणून तुकडा कापताना क्षणभर ओढल्यासारखी कळ येते, हे पेशंटला आधी सांगितलं पाहिजे. लहान मुलांना बऱ्याचदा पूर्ण भूल लागते, आणि स्नायूंच्या आजारात भुलीची काही औषधं जिवावर बेतू शकतात, त्यामुळे भूलतज्ज्ञांना आजाराचा संशय स्पष्ट सांगणं फार गरजेचं आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुढे. इतर बायोप्सीसारखा तुकडा सवयीने फॉर्मलिनच्या (नमुना टिकवायचं रसायन) बाटलीत टाकला की एन्झाइमच्या तपासण्या होतच नाहीत. मुख्य तुकडा सलाइनने जेमतेम ओलावलेल्या गॉजमध्ये गुंडाळून थंड ठेवून लगेच पाठवायचा, सलाइनमध्ये बुडवायचा नाही. लॅबमध्ये टेक्निशियन तो बुचाच्या चकतीवर तंतू उभे राहतील असा बसवतात. मग लिक्विड नायट्रोजनमध्ये आयसोपेंटेन या द्रवाचं भांडं धरतात, तळाला पांढरा थर जमायला लागला की तुकडा त्यात सोडायचा, काही सेकंदात गोठतो. हळू गोठला तर फ्रीझरमधल्या टोमॅटोसारखी गत होते, आत बर्फाचे स्फटिक होऊन तंतूंना भोकं पडतात आणि पुढे कितीही हुशार डॉक्टर असले तरी त्यांचा नाइलाज होतो. म्हणून सर्जनने चीर द्यायच्या आधी लॅबला फोन केलाच पाहिजे.

गोठलेल्या तुकड्याचे ८ ते १० मायक्रॉनचे काप काढून वेगवेगळे रंग देतात आणि न्यूरोपॅथॉलॉजिस्ट ते वाचतात. गोमोरी ट्रायक्रोम या रंगात लाल कडांचे फाटके तंतू दिसले तर मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणारा भाग) आजार डोक्यात येतो, तंतूंच्या गठ्ठ्याच्या कडेचेच तंतू बारीक झाले असतील तर डर्मॅटोमायोसायटिस (कातडीवरही परिणाम करणारा मायोसायटिस), आणि एटीपेज या रंगात एकाच प्रकारच्या तंतूंचे घोळके दिसले तर मूळ दुखणं स्नायूचं नाही, मज्जातंतूचं असतं. डिस्ट्रोफिनसारखी (डीएमडीत नसणारं) प्रोटीनं आहेत का ते इम्युनो रंगाने, म्हणजे ठरावीक प्रोटीनलाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी वापरून, कळतं. भारतात अनेक ठिकाणचे नमुने बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मज्जासंस्थेच्या सरकारी संस्थेकडे जातात.

डीएमडीचा संशय असेल तर आता आधी रक्तावरून जीन टेस्ट करतात, त्यात निदान झालं की मुलाला चीर द्यावीच लागत नाही. पण जीन टेस्टमध्ये अर्थ न लागणारा बदल सापडतो तेव्हा परत बायोप्सीकडेच यावं लागतं. उणे ८० डिग्रीला ठेवलेला तुकडा अनेक वर्षांनंतरही नव्या तपासणीला चालतो, तेव्हा नातेवाइकांनी रिपोर्ट घेताना तुकडा जपून ठेवलाय का हेही विचारून घ्यावं.