सात मजले, बत्तीस पिक्सेल

मंगेशीच्या देवळासमोरचा दीपस्तंभ सात मजली. आमच्या नाटकमंडळीच्या चिन्हासाठी मी तो व्हेक्टरमध्ये काढला. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात. ‘इथून तिथवर रेघ, जाडी इतकी, रंग हा’ अशा नुसत्या सूचना असतात. म्हणून जत्रेच्या नाटकाचा फ्लेक्स म्हापशाहून छापून आला, तेव्हा कठडा न् कठडा स्वच्छ होता. तेच चिन्ह ३२ पिक्सेलांच्या, म्हणजे पडद्यावरच्या ३२ ठिपक्यांच्या, आयकॉनमध्ये उतरवलं आणि स्तंभाला पावसाळी भिंतीसारखी बुरशी धरली.

३२ भागिले ७ म्हणजे ४.५७. कठडे येणार ४.५७ वर, ९.१४ वर, १३.७१ वर. पण एका पिक्सेलला एकच रंग घेता येतो. मग रेघेने त्याचा किती भाग झाकलाय ते मोजून संगणक तेवढी छटा भरतो. हे अँटीअलायझिंग. कमानींना आणि तिरक्या रेघांना त्याच्यावाचून गती नाही. उलट १९६२ साली आयबीएममध्ये जॅक ब्रेझनहॅम यांनी बसवलेली रेघ काढायची रीत छटा न भरता दर पावलाला जवळचा एकच ठिपका निवडते. काम झटपट, पण तिरक्या रेघेत पायऱ्या ठसठशीत.

आडव्या-उभ्या रेघांना मात्र हीच छटा मारक. पूर्णांक धरला तरी फसायला होतं! एसव्हीजी या व्हेक्टर चित्रांच्या फाइलीत एक एकक म्हणजे एक पिक्सेल धरलं, तर १० हा आकडा दोन पिक्सेलांच्या सीमेवर पडतो. तिथे १ जाडीची रेघ ठेवली की ती ९.५ पासून १०.५ पर्यंत पसरते. मागितली एक काळी ओळ, मिळाल्या दोन करड्या. १०.५ वर सरकवली की झाली काळी. २ जाडीची रेघ मात्र १० वरच बरी.

‘चौपट मोठं काढून लहान कर’ हा सल्ला सगळेच देतात. त्याने कमानी गुळगुळीत होतात, सीमेवरची रेघ तशीच अडकून राहते. शेवटी मी स्तंभच २८ पिक्सेलांचा केला: मजल्याला चार, वर-खाली दोन-दोन मोकळे. १६ च्या आयकॉनसाठी १४, म्हणजे एक ओळ कठडा, एक ओळ पोकळी. पणत्यांचे कोनाडे गेले. जीव तुटला, पण कोनाडे ठेवले असते तर स्तंभ दिसला नसता.

फॉन्टची अक्षरंही व्हेक्टरच. ॲपलने १९९१ मध्ये आणलेल्या ट्रूटाइपमध्ये ‘या आकाराला ही रेघ पिक्सेलांच्या ओळीवर बसव’ अशा सूचना अक्षरातच भरता येतात. त्याला हिंटिंग म्हणतात. आपल्या लिपीला याची गरज जास्त, कारण शिरोरेषा अख्ख्या शब्दावरून धावते. ती दोन ओळींत सापडली की सगळ्या शब्दावर करडा पट्टा. दाट पिक्सेलांच्या फोनवर हे जाणवत नाही. आमच्या अग्रशाळेतल्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतल्या, जुन्या प्रोजेक्टरवर मात्र बारीक अक्षरातल्या ‘मंगेशी’चा अनुस्वार त्या पट्ट्यात बुडाला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ‘मगेशी’ वाचलं.