लाईट गेली आणि सगळ्यांना ऐकू आलं

मे महिना, मानेवाडा रोडकडचा आमचा ले-आउट, रात्रीचे साडेदहा. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना माहीतच आहे, त्या वेळेला प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत असतो आणि बाजूच्या घरात कोणी बोंबललं तरी ऐकू येत नाही. त्या रात्री लाईट गेली. सगळे कूलर एकदम बंद, आणि त्या शांततेत मधल्या घराच्या वरच्या मजल्यावरून आधी भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मग एका बाईचा, "नका न मारू, पोरगी उठून जाईल." गरमीनं आम्ही सगळे गेटवर आलेलो, मी, समोरचे काका, कोपऱ्यावरचे दोघं भाऊ, सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मी मोबाईल काढून लाईट कधी येते याचे मेसेज बघत बसलो.

मी काही निर्दयी माणूस नाही, काकाही नाहीत. मग असं का होतं? याच्यावर मानसशास्त्रात साठेक वर्षांपासून डोकं लावणं चालू आहे. सुरुवात झाली मार्च 1964 मधे, न्यूयॉर्कला किटी जेनोविस नावाच्या तरुणीचा खून झाला आणि पेपरवाल्यांनी छापलं की 38 शेजारी बघत राहिले अन् कोणी काही केलं नाही. ही बातमी पुढे चांगलीच फुगवलेली निघाली, पण तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोघांनी प्रयोग सुरू केले. 1968 च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माईकवरून गप्पा मारायला लावल्या, आणि मधेच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ज्याला वाटत होतं की हे फक्त मीच ऐकतोय, अशांपैकी 85 टक्के लोक फिटचा आवाज थांबायच्या आत मदत मागायला बाहेर धावले. ज्याला वाटत होतं अजून चार जण ऐकून राहिलेत, त्यांच्यातले फक्त 31 टक्के. म्हणजे "दुसरं कोणीतरी जाईलच" असं प्रत्येकाला वाटतं, ही पहिली भानगड. आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे जे उठले नाहीत ते मजेत बसले नव्हते, कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. त्यांचं ठरतच नव्हतं, आत अडकून पडले होते बिचारे.

दुसरी भानगड अशी की आपण दुसऱ्याचा चेहरा बघून ठरवतो की मामला सीरियस आहे का. काका शांत उभे म्हणून मी शांत, मी शांत म्हणून काका शांत, आणि दोघांच्याही पोटात गोळा. आपल्या कूलरचं तर याहून भारी आहे, तो चालू असला की "मला कुठं ऐकू आलं" म्हणायची सोय असते. लाईट गेली की ती सोय संपते, तुम्ही ऐकलंय हे मला माहीत, मी ऐकलंय हे तुम्हाला माहीत.

पण घरातल्या मारहाणीत अजून एक कुलूप आहे. 1976 मधे शॉटलंड आणि स्ट्रॉ या अमेरिकन संशोधकांनी खोटं भांडण रचलं, एक माणूस एका बाईला धरून हिसडतोय, ती ओरडतेय. तिनं "मी याला ओळखत नाही" म्हटलं तेव्हा 65 टक्के बघणारे मधे पडले. तसंच भांडण, तसंच ओरडणं, पण "कशाला लग्न केलं मी तुझ्याशी" म्हटलं की फक्त 19 टक्के. म्हणजे "नवरा-बायकोच्या भांडणात आपण पडू नये बाप्पा" हे काही फक्त आपल्याच आजीचं वाक्य नाही.

आता जरा बरी बातमी. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनच्या रस्त्यांवरच्या सीसीटीव्हीत टिपलेली 219 खरी भांडणं संशोधकांनी बसून बघितली, तर दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी मधे पडलेलंच होतं, आणि गर्दी जेवढी जास्त तेवढी कोणीतरी पडायची शक्यता जास्त. रस्त्यावर सगळं डोळ्यांसमोर असतं न. घरात भिंत असते, आणि भिंतीमागे काय चाललंय ते फक्त कानावर येतं.

त्या भिंतीमागची बाई स्वतःहून बाहेर येऊन सांगेल अशी वाट बघायची असेल तर आकडा ऐकून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात लग्न झालेल्या चारपैकी साधारण एका बाईनं नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती कधी ना कधी सोसली आहे. आणि देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुठंतरी मदत मागितली ती फक्त 14 टक्क्यांनी. बाकीच्यांचं झाकली मूठ.

तर त्या रात्री पुढे काय झालं. आम्ही पुरुष गेटवर पुतळे होऊन उभे असताना बाजूच्या काकू, वय पासष्ट, गुडघे दुखतात, हातात वाटी आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन जिना चढल्या आणि दार वाजवलं. "सूनबाई, विरजण आहे का ओ थोडंसं? दूध तापवून ठेवलं न मी, अन् विरजणच नाही." रात्री पावणेअकराला विरजण! दार उघडायला वेळ लागला, पण उघडलं. नवऱ्याला शर्ट घालून समोर यावं लागलं, "या काकू" म्हणावं लागलं. काकू दहा मिनिटं बसल्या, पाणी प्यायल्या, गर्मीबद्दल बोलल्या, पोरीला मांडीवर घेतलं. मारहाणीचा एक शब्द काढला नाही.

याला अभ्यासक लक्ष विचलित करणं म्हणतात, आणि ब्रेकथ्रू संस्थेची 2008 ची 'बेल बजाओ' मोहीम, म्हणजे मारहाण ऐकू आली की त्या घराची बेल वाजवा, याच आयडियावर उभी होती. काम का करतं तर चढलेला राग दोन मिनिटं अडला की जरा उतरतो, आणि मारणाऱ्याला कळतं की भिंतीला कान आहेत. भिडायला जायची गरज नाही, उलट तावातावात "तुझी हिंमत कशी झाली" करत गेलात तर तुम्ही परत फिरल्यावर त्याची वसुली तिच्याकडूनच होते. म्हणून "तुमच्या मिसेसनं सांगितलं" हे वाक्य कधीच नाही. आणि व्हिडिओ काढून ले-आउटच्या ग्रुपवर टाकणारे जे हिरो असतात त्यांच्याबद्दल मी इथं लिहीत नाही, शिव्या येतील.

विरजणाची वाटी प्रत्येक वेळी चालत नाही हेही खरं. शस्त्र असेल, लेकरू ओरडत असेल किंवा गळा दाबल्याचं कळलं, तर सरळ 112 लावा. गळ्याचं मुद्दाम वेगळं सांगतो कारण बऱ्याचदा वरून वळ दिसत नाही आणि लोक म्हणतात काही झालं नाही. पण अमेरिकेतल्या 2008 च्या एका अभ्यासात असं दिसलं की जोडीदारानं आधी कधी गळा आवळलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून व्हायचा धोका सातपटीहून जास्त असतो. दुसरी नाजूक वेळ म्हणजे ती घर सोडायच्या बेतात असते तेव्हाची, त्यामुळे "निघून ये न सरळ" असं फुकटचं सांगू नये, बेत तिचा, आपण नंबर द्यायचा. 181 ही महिला हेल्पलाईन आहे, घरात त्रास होणाऱ्या बायकांसाठी नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे. आणि घरगुती हिंसेपासून बायकांना संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याचं कलम 4 फार कमी लोकांना माहीत आहे, घरात हिंसा होतेय असं वाटायला कारण असेल तर कोणीही, म्हणजे शेजारीही, संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. कोर्टकचेरीच्या भीतीनं गप्प बसणाऱ्या आमच्यासारख्यांसाठीच जणू लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा ड्युटीवर गेल्यावर, काकू वाटी परत द्यायला गेल्या. वाटी त्यांचीच होती म्हणा. तिला एवढंच म्हणाल्या, "काल मी ऐकलं. तुझं काही चुकलं नाही." ती रडली नाही, काही बोललीही नाही, फक्त पोरीच्या डब्याचं झाकण लावत राहिली. आठवडाभरानं स्वतःच आली. तेव्हा दोघींचं ठरलं, पोरगी खाली येऊन मिक्सरचं भांडं मागेल, तेव्हा काकूंनी 112 लावायचा आणि मला आवाज द्यायचा.

आजपर्यंत भांडं एकदाच मागितलंय.