सप्टेंबरचा आकडा

आर्क्टिक महासागरावरचा बर्फ मार्चमध्ये सर्वांत जास्त पसरलेला असतो आणि सप्टेंबरच्या मध्याला सर्वांत आक्रसलेला. हा सप्टेंबरचा किमान विस्तार गेल्या वीसेक वर्षांत निवडणुकीच्या निकालासारखा वाचला जातो: कोण जिंकलं, कोण हरलं. मोजणी मात्र त्यासाठी सुरू झालीच नव्हती.

हवेतला कर्बवायू वाढला तर पृथ्वी तापेल आणि ध्रुवांकडे अधिक तापेल, हे स्वीडनच्या स्वांते अरेनियसनं १८९६ मध्येच आकडेमोड करून मांडलं होतं. त्याला त्याची धास्ती नव्हती. थंडीतल्या माणसाला उबेचं अप्रूपच. पुढे बर्फ मोजण्याची निकड आली ती शीतयुद्धामुळे. १९५८ मध्ये अमेरिकेची ‘नॉटिलस’ ही अणुपाणबुडी बर्फाखालून थेट उत्तर ध्रुवापर्यंत गेली. पाणबुडीला वर यायचं तर डोक्यावर बर्फ किती जाड आहे ते कळायला हवं, म्हणून ध्वनिलहरींनी जाडी मोजत जाणं आलं. ते आकडे अर्थातच गुप्त. अमेरिकी राजकारणी अल गोर यांनी पाठपुरावा केल्यावर १९९० च्या दशकात त्यातले काही संशोधकांच्या हाती पडले. १९९९ मध्ये निष्कर्ष आला की १९५८ ते १९७६ च्या तुलनेत उन्हाळ्याअखेरचा बर्फ सुमारे ४० टक्क्यांनी पातळ झाला आहे. विस्ताराची सलग नोंद १९७८ च्या अखेरीपासून उपग्रहांकडे आहे. ते मायक्रोवेव्ह लहरी टिपतात, त्यामुळे ढग किंवा ध्रुवावरची लांबलचक रात्र त्यांच्या आड येत नाही.

या काळात वाद मुख्यतः धोरणाचा होता. नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढ सुरू झाल्याचं सांगितलं. पृथ्वी तापवणाऱ्या वायूंना आवर घालणाऱ्या क्योटो कराराच्या तोंडावर, १९९७ मध्ये, त्याच सिनेटनं विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार नको, असा ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी केला. २००२ मध्ये फ्रँक लुंट्झ या प्रचारसल्लागारानं रिपब्लिकन पक्षाला लेखी सल्ला दिला: शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, हाच मुद्दा लावून धरा. (२०१९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यानंच आपली चूक मान्य केली.) अशा वातावरणात लोकांना डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दोन्ही बाजूंना हवा होता. तो बर्फानं पुरवला.

२००७ मध्ये किमान विस्तार ४२ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास घसरला. १९८१ ते २०१० ची सरासरी सुमारे ६२ लाख. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियानं ध्रुवाखालच्या समुद्रतळावर टायटॅनियमचा झेंडा रोवला. बर्फ वितळतोय की नाही यावर स्टुडिओत भांडणं चालू असताना सरकारं खालच्या तेलाचा हिशेब मांडू लागली होती, हे मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं.

डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत गोर म्हणाले की पाच-सात वर्षांत एखाद्या उन्हाळ्यात आर्क्टिकवरचा बर्फ पूर्ण नाहीसा होण्याची शक्यता ७५ टक्के आहे. ज्या शास्त्रज्ञाचा हवाला दिला, त्यानंच असा नेमका आकडा आपण दिला नसता असं सांगितलं. पाणबुड्यांचे आकडे बाहेर काढायला झटलेल्या माणसानंच विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं. आजही समाजमाध्यमांवर ते वाक्य फिरतं.

मग २०१२. किमान विस्तार ३४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारतापेक्षा जेमतेम मोठा. हा नीचांक अजून टिकून आहे. पुढच्याच वर्षी किमान विस्तार ५० लाखांवर गेला आणि एका ब्रिटिश वृत्तपत्रानं ‘बर्फ ६० टक्क्यांनी वाढला’ असं म्हणत पृथ्वी थंड होऊ लागल्याचा मथळा दिला. वाढ झाली होती हे खरं. पण २०१३ चा किमान विस्तारही तोवरच्या नोंदींत सहावा सर्वांत कमी होता. परीक्षेत ३० मिळालेल्या मुलाला पुढच्या खेपेला ४५ मिळाले म्हणून तो पहिला आला असं कुणी म्हणत नाही. तापमानवाढ हे थोतांड आहे हे दाखवायला २०१५ मध्ये सिनेटर जेम्स इनहॉफ यांनी सभागृहात बर्फाचा गोळाच आणून फेकला.

संशयखोरांचा एक मुद्दा बरोबर आहे: तरंगता बर्फ वितळल्यानं समुद्र जवळजवळ चढत नाही, सरबताच्या ग्लासातला बर्फ वितळून ग्लास ऊतू जात नाही तसंच. समुद्र चढतो तो ग्रीनलंडसारख्या जमिनीवरच्या बर्फामुळे. समुद्री बर्फाचं काम वेगळं आहे. तो बरंचसं ऊन परत फेकतो. तो गेला की खालचं काळं पाणी ते जवळजवळ सगळं शोषून घेतं. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या चौपट वेगानं तापलं, त्यामागचं एक मोठं कारण हे.

त्याचे धागे आपल्यापर्यंत येतात. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिकमधल्या बेटांवर ‘हिमाद्री’ हे स्थानक चालवतं. या केंद्राच्या संशोधकांनी २०२१ मध्ये रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला कमी झालेला बर्फ आणि मोसमी पावसाच्या अखेरीच्या अतिवृष्टी यांत संबंध असू शकतो असं मांडलं. ‘असू शकतो’ हे शब्द त्यांचेच.

२०१२ चा नीचांक इतकी वर्षं मोडला नाही, घसरणीचा वेग मंदावला, यावर आता नवा वाद आहे. समुद्र आणि वारे यांचे नैसर्गिक चढउतार काही काळ तापमानवाढीच्या उलट दिशेनं ओढू शकतात, असं अभ्यासक म्हणतात. दरम्यान, उपग्रहनोंदींतले सर्वांत कमी विस्ताराचे सगळे सप्टेंबर २००७ पासूनचेच आहेत आणि मार्च २०२५ मध्ये हिवाळ्यातला कमाल विस्तार १४३ लाखांवर, तोवरच्या नोंदींतल्या सर्वांत खालच्या पातळीवर, थांबला. मार्चच्या आकड्यावर मात्र कुणी फारसं भांडत नाही.