वर्कशॉपच्या जुन्या जड मशिनी विकणं (ग्रामीण विदर्भ)

लेथ (लोखंड फिरवून कातायची मशीन), शेपर, रेडियल ड्रिल, पॉवर प्रेस असली जड मशीन एका वर्कशॉपला नकोशी झाली की ती भंगारात न घालता दुसऱ्या चालवणाऱ्याच्या हाती देणं, असा हा व्यवहार. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, वर्धा जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांत तो बहुतेक ओळखीपाळखीवरच होतो. खालचा भाव भंगारवाला ठरवतो, कारण बीड (ओतीव लोखंड) किलोवर जातं, आणि त्याच्या वर मिळणारा प्रत्येक रुपया मशीन फिरताना दाखवता येते म्हणून मिळतो.

मशिनी फालतू का होतात तर कारणं साधी आहेत. म्हातारे टर्नर थकले, पोरं पुण्याला गेली, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवाल्याकडून तयार पार्ट स्वस्तात यायला लागला. कापसाच्या पट्ट्यात आणखी एक कारण आहे, जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणं. २००० साली टेक्नॉलॉजी मिशन ऑन कॉटन सुरू झालं, त्यात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान होतं, मग जुनी लाईन शाफ्ट (पट्ट्यांनी सगळ्या मशिनी फिरवणारा लांब दांडा), पट्टे आणि सोबतचं दुरुस्तीचं सामान बाहेर निघालं. त्याच्याही आधी गिरण्या होत्या, नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ सालची, मग पुलगाव, हिंगणघाट, आणि गिरणी म्हटलं की आत दुरुस्तीचं वर्कशॉप आलंच.

विकणारे सगळ्यात जास्त मार खातात ते मीटर कापून. दर महिन्याचा स्थिर आकार वाचवायला थ्री फेज कनेक्शन आधी बंद करतात आणि मग गिऱ्हाईक शोधतात. गिऱ्हाईक येतं, लेथवर हात फिरवतं आणि म्हणतं, "चालू करून दाखव ना बाप्पा, मंग भावाचं बोलू." वीजच नाही तर भाव सरळ किलोवर येतो. म्हणून मशीन जाईपर्यंत कनेक्शन ठेवावं, त्या दोन-चार बिलांचे पैसे वसूल होतात.

जाणता खरेदीदार काय पाहतो ते विकणाऱ्यालाही माहीत पाहिजे. लेथचा बेड (खालची लांब बैठक, जिच्यावर बाकीचे भाग सरकतात) चकाजवळ, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याजवळ, जास्त घासतो कारण बरंचसं काम तिथंच होतं, तर खरेदीदार कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) चकाजवळ आणून गिब (ढिलाई काढायची पट्टी) घट्ट करतो आणि मग टेलस्टॉककडे (चकासमोरच्या टोकाकडे) सरकवतो, तिकडे जाम झालं की बेड किती खाल्लाय ते कळतं. सगळे स्पीड लावून गिअरचा आवाज ऐकतो. ताजा रंग दिसला की उलट शंका घेतो, त्यामुळे रंग मारायच्या नादी लागू नये, घासलेट लावून पुसलेली मशीन बरी. आणि मग तो चेंज गिअर (आट्याचं माप बदलायला लावायचे सुटे गिअर) मागतो. हे गिअर कोपऱ्यातल्या एखाद्या पोत्यात पडलेले असतात, वर फाटके पट्टे आणि पक्ष्याची घाण, आणि घरच्यांनी तेच पोतं आधी भंगारवाल्याला दिलेलं असतं! गिअरचा सेट नसला तर त्या लेथवर हव्या त्या मापाचे आटे पाडता येत नाहीत. जुन्या इंची लीड स्क्रूवर (आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) मिलिमीटरचा आटा बरोबर पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागतो, तो सोबत असेल तर आवर्जून सांगायचं.

गिऱ्हाईक कोणाला माहीत असतं? बेअरिंग आणि वेल्डिंग रॉडच्या दुकानदाराला, मोटार रिवाइंडिंगवाल्याला. कोणता पोरगा नवीन शेड टाकतोय, कोणाकडे थ्रेशर-रोटाव्हेटरचं काम वाढलंय हे त्यांना आधी कळतं. व्हॉट्सॲपवर टाकायचं तर नेमप्लेट, चकाजवळचा बेड आणि गिअर यांचे फोटो टाकावेत, लांबून काढलेल्या एका फोटोवर कोणी गाडीचं पेट्रोल जाळत नाही. दलालाचं कमिशन आधीच बोलून घ्यावं. पूर्ण पैसे मशीन उचलायच्या आधी, नुसत्या बयान्यावर गाडी भरू देऊ नये.

सरकारी कारखाने आणि कंपन्यांचा माल बऱ्याचदा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो. तिथं "जिथं आहे, जसं आहे" अशी अट असते, म्हणजे नंतर तक्रार चालत नाही, त्यामुळे बोली लावायच्या आधी जाऊन पाहणं भाग आहे.

उचलणं हा वेगळाच खेळ. सहा फुटी लेथ साधारण टनाच्या घरात जाते आणि वजन हेडस्टॉककडे (चकाच्या टोकाला) जास्त असतं, म्हणून कॅरेज आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला नेऊन घट्ट करतात, पट्टा बेडखालून घेतात, लीड स्क्रूला कधीच लावत नाहीत, तो वाकला की भाव गेला. उघड्या घासल्या जागांवर ग्रीस थापायचं. पावसाळ्यात हे काम काढूच नये, काळ्या मातीत हायड्रा (चाकांवरची क्रेन) रुतली तर ती काढायला दुसरी बोलवावी लागते आणि भाडं दुप्पट. हायड्राचं आणि ट्रकचं भाडं मिळून छोट्या मशीनच्या किमतीला भिडतं, म्हणून साध्या ड्रिलला गिऱ्हाईक तालुक्याच्या आतच शोधतात, मोठ्या लेथला मात्र अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंतचेही लोक येतात.

नव्या जागी काळीच माती असेल तर नुसतं वरवर काँक्रीट ओतून चालत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात आणि वरचा पाया हलतो, बेडला पीळ बसतो आणि लेथ टेपर (सरळऐवजी निमुळतं) कापायला लागते. खरेदीदार मग विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो. काळी काढून मुरूम भरायचा, धुमसायचा, मग पाया, आणि बसवल्यावर लेव्हल पाहायची, एक पावसाळा गेला की परत एकदा.