लढाईला निघाले आणि सोबत शिडं घेतली? ॲक्टियमचं कोडं

इ.स.पू. 31, तारीख 2 सप्टेंबर. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर अँब्रेशियाच्या आखाताचं तोंड आहे, आज तिथे प्रेवेझा गाव आहे, त्याच्या समोरची जागा म्हणजे ॲक्टियम. रोमचा सेनानी मार्क अँटनी, त्याचं आरमार तिथून लढाईला बाहेर पडलं तेव्हा जहाजांवर शिडं होती. त्या काळात हे अगदीच उलटं, कारण लढाई वल्ह्यांवर चालायची, मोठी शिडं म्हणजे नुसतं ओझं, ती किनाऱ्यावर ठेवून जायची पद्धत होती. जहाजं चालवणारे कुरकुरले तर अँटनीने सांगितलं की शत्रूचं एकही जहाज निसटता कामा नये, पाठलागाला शिडं लागतील. प्लुटार्क या जुन्या ग्रीक लेखकाने हे लिहून ठेवलंय. मला हे कारण अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही तेच सांगायचंय.

आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट अशी की ऐन लढाईत अँटनीच्या बाजूने उतरलेली इजिप्तची राणी क्लिओपात्रा घाबरून पळाली आणि प्रेमात वेडा झालेला अँटनी सैन्य सोडून तिच्यामागे गेला. ही गोष्ट रोमच्या सत्तेसाठी अँटनीशी लढून जिंकलेल्या ऑक्टेव्हियनच्या बाजूची आहे, हे आधी लक्षात घ्या. खरी लढाई त्याआधी कित्येक महिने चालू होती आणि ती चालवत होता अग्रिप्पा, ऑक्टेव्हियनचा सेनापती, ज्याने 5 वर्षांपूर्वी सिसिलीजवळ नौलोकसला ऑक्टेव्हियनचा आधीचा शत्रू सेक्स्टस पाँपी याचं आरमार बुडवलं होतं. त्याने मेथोनी घेतलं, मग ल्युकास बेट, पात्रास, कॉरिंथ, म्हणजे इजिप्तहून धान्य यायचा रस्ताच तोडून टाकला. अँटनीची छावणी आखाताच्या तोंडाशी सखल दलदलीच्या जागेत, वर उन्हाळा, माणसं आजारी पडायला लागली. मलेरिया आणि हगवण असावी असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. रोज कोणीतरी ऑक्टेव्हियनला जाऊन मिळत होतं, डोमिशियस अहेनोबार्बससारखा मोठा माणूस तापाने फणफणलेला असताना छोट्या होडीतून गेला, आणि शेवटी शेवटी डेलियस गेला तो अँटनीचा सगळा बेत बरोबर घेऊनच.

आता आकडा बघा. त्या काळच्या एका मोठ्या लढाऊ जहाजाला, ज्याला पाचाचं जहाज म्हणत, जवळपास 300 वल्हेकरी लागायचे. म्हणजे 100 जहाजं हलवायची तर 30,000 धडधाकट माणसं, आणि तीही एका तालात वल्ही मारणारी, नाहीतर वल्ही एकमेकांत अडकतात. अँटनीने गावागावातून वाटसरू, खेचरवाले, कापणीला आलेले मजूर धरून आणले तरी जहाजं अर्धी रिकामीच. मोहिमेच्या सुरुवातीला 500 लढाऊ जहाजं होती, त्यातली बरीच त्याने स्वतःच जाळली, आणि लढाईला उतरली ती क्लिओपात्राची 60 धरून साधारण 230. समोर अग्रिप्पाकडे 400च्या आसपास.

आणि आता वारा, जो मला या सगळ्यात सगळ्यात भारी भाग वाटतो. शाळेत खारे वारे शिकलो ना आपण, दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून हवा आत येते. ॲक्टियमला उन्हाळ्यात हे खारे वारे आधी पश्चिमेकडून येतात आणि दुपारनंतर जोर धरत वायव्येकडे सरकतात. इजिप्तला जायचं तर दक्षिणेला असलेल्या ल्युकास बेटाला वळसा घालायला लागतो, वारा पश्चिमेचा असेल तर जहाज किनाऱ्याकडेच ढकललं जाणार, वायव्येचा झाला की रस्ता मोकळा. म्हणून त्या दिवशी दोन्ही आरमारं दुपारपर्यंत नुसती समोरासमोर उभी राहिली, मग झुंज लागली, दोन्ही टोकांच्या फळ्या, म्हणजे जहाजांच्या रांगा, लांबत गेल्या तशी मधे फट पडली आणि नेमका तेव्हाच मागे थांबलेल्या क्लिओपात्राच्या 60 जहाजांनी शिडं सोडली आणि त्या फटीतून सरळ दक्षिणेला गेली. घाबरून पळणारं माणूस शिडं आधीपासून भरून ठेवून, वारा फिरायची वाट बघत, तासन्‌तास शांत थांबतं का? हा कोंडी फोडायचा ठरलेला बेत होता, तिने तिचा भाग चोख केला, आणि तिला दोन हजार वर्षं भित्री म्हटलं जातंय याचं मला खरंच वाईट वाटतं. अँटनी दुसऱ्या जहाजावर चढून निसटला पण त्याची बहुतेक जहाजं झुंजीत अडकली ती अडकलीच. पुढच्या वर्षी दोघांचा अंत झाला आणि इजिप्त रोमचा झाला.

जहाजांच्या आकाराचा पुरावा दगडात आहे. ऑक्टेव्हियनने आपल्या छावणीच्या टेकडीवर स्मारक बांधून पकडलेल्या जहाजांच्या नाळेवरची कांस्याची धडक द्यायची टोकं भिंतीत बसवली. टोकं गेली पण त्यांच्यासाठी कोरलेल्या खोबणी आहेत, मूळची साधारण 36 टोकं असावीत. इस्रायलच्या अथलितजवळ 1980 साली समुद्रात असंच एक खरं टोक सापडलं, लांबी 2.26 मीटर, वजन 465 किलो, आणि ॲक्टियमच्या मोठ्या खोबणींपुढे ते लहान पडतं! म्हणजे अँटनीच्या अवाढव्य जहाजांबद्दल जुन्या लेखकांनी लिहिलंय ती थाप नव्हती.

अँटनी का हरला याची अजून एक कल्पना मधे खूप गाजली, ‘मृत पाण्या’ची. खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर असला की जहाजाची ताकद त्या दोन थरांच्या सीमेवर लाटा उठवण्यात खर्च होते, वरून पाणी शांत दिसतं आणि जहाज मात्र सरकत नाही. नॉर्वेच्या नानसेन या शोधप्रवाशाने 1893 मधे आर्क्टिकमधे हे अनुभवलं, स्वीडनच्या एकमन या शास्त्रज्ञाने 1904 मधे समजावून दिलं, आणि 2020 मधे फ्रान्सच्या प्वातिए विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर नवं काम केलं तेव्हा ॲक्टियमचं नाव पुढे आलं. प्लिनी या जुन्या रोमन लेखकाने लिहिलंय की अँटनीचं जहाज एका चिकटणाऱ्या माशाने रोखून धरलं होतं, ते बहुतेक हेच असेल असं म्हणणं. आखातात लुरोस आणि अराख्थोस नद्यांचं पाणी येतं, त्यामुळे थर बनतात हे खरंय. पण झुंज आखातात नाही, बाहेर मोकळ्या समुद्रात झाली, प्लुटार्कच्या हिशोबाने ऑक्टेव्हियनची फळी शत्रूपासून दीडेक किलोमीटरवर उभी होती, आणि त्याच पाण्यातून क्लिओपात्राची 60 जहाजं काही न अडता निघून गेली, म्हणून मी तरी मृत पाण्यापेक्षा रिकाम्या वल्ह्यांनाच जास्त दोष देईन.